एकच मालक उरला, तिथे बिघडलं

गेल्या महिन्यात आम्ही सात-आठ नाटकवेडी मंडळी एकाच्या घरी जमलो होतो, 'लाल कंदील' या चिनी मॉडेल ऑपेराची १९७० सालची फिल्म बघायला. मॉडेल ऑपेरा म्हणजे माओंच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत (१९६६ ते ७६) सरकारने आदर्श नमुना म्हणून ठरवून दिलेली गाण्यांची नाटकं. फिल्म संपली आणि जो वाद सुरू झाला तो रात्री दीडपर्यंत चालला. एकाचं म्हणणं, कम्युनिस्टांनी एवढ्या जुन्या कलेची पार वाट लावली, कलेत राजकारण घुसलं की कला संपते, विषय कट. दुसरा म्हणे, अरे गाणी ऐकलीस का, तो ऑर्केस्ट्रा ऐकलास का, इतकं भारी काम ज्या काळात झालं तो काळ एवढा वाईट कसा असेल? दोघंही तावातावाने बोलत होते आणि दोघांचंही ऐकताना मला वाटत होतं की मूळ प्रश्नच चुकतोय. हाच वाद मी याआधीही बऱ्याचदा ऐकलाय, आणि दर वेळी तो याच दोन टोकांवर जाऊन अडकतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राजकारण चिनी ऑपेरात बाहेरून कधी घुसलं नाही, ते जन्मापासून घरातच होतं. पण पूर्वी नाटकमंडळीला दारं बरीच होती. दरबार होता, श्रीमंत व्यापारी होते, गावचं देऊळ होतं, तिकीट काढून येणारं पब्लिक होतं, एक रुसला तर दुसऱ्याच्या दारात जाता यायचं. विसाव्या शतकात ही दारं एकेक करून बंद झाली, एकच उरलं, आणि त्या दाराची किल्ली कधी चांगल्या माणसाच्या हातात होती, कधी वाईट माणसाच्या. नुकसान झालं ते या एकाच दारामुळे. सत्तेवर कोण होतं, त्याचा रंग कोणता होता, हे मी त्यानंतर मोजतो.

आता बघा, ज्याला आपण पेकिंग ऑपेरा म्हणतो त्याची सुरुवातच कुठून सांगतात? १७९० साली छ्येनलुंग बादशहाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आन्ह्वी प्रांतातल्या मंडळ्या बीजिंगला आल्या आणि तिथेच राहिल्या, पुढे हुपेकडच्या गायकांच्या चाली त्यात मिसळल्या आणि हळूहळू एक नवा प्रकार उभा राहिला. म्हणजे बादशहाचा बर्थडे नसता तर कदाचित ही कला या रूपात दिसलीच नसती. नंतर राजमाता त्सशी तर ऑपेराची एवढी शौकीन की राजवाड्यात, उन्हाळी महालात तीन-तीन मजली रंगमंच, आणि थान शिनपेइसारखा मोठा नट तिच्यासमोर गायचा. बायकांनी स्टेजवर यायचं नाही हा नियमही सरकारी होता, त्यातूनच पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची ती सगळी थोर परंपरा वाढली, जिचा शेवटचा मोठा माणूस मेइ लानफांग. आपल्या बालगंधर्वांपेक्षा तो सहा वर्षांनी लहान, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा 'राजकारण नको, शुद्ध कला हवी' म्हणणाऱ्याला माझा साधा प्रश्न आहे, हे सगळं वजा केल्यावर तुझ्या हातात नेमकं काय उरतं?

बरं, जुनी सत्ता फक्त लाड करायची असंही नाही. १८५४ साली दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतात ली वेनमाओ नावाच्या नटाने, तिथल्या कॅंटोनीज ऑपेरातल्या, छिंग सरकारविरुद्ध म्हणजे त्या वेळच्या बादशाही घराण्याविरुद्ध बंड केलं, आपल्याच मंडळ्यांमधली मारामारीची कामं करणारी पोरं घेऊन, म्हणजे स्टेजवर भाले-तलवारी फिरवणारे लोक खरोखरच्या लढाईत उतरले. सरकारने काय केलं? फोशान गावातलं नटांच्या संघाचं घर जाळलं, माणसं मारली, आणि कॅंटोनीज ऑपेरावर बंदी घातली जी साधारण पंधरा वर्षं टिकली. एवढी क्रूर बंदी, तरी कला मेली का? नाही मेली, कारण त्या मंडळ्या लाल होड्यांमधून नदीकाठची गावं फिरणाऱ्या होत्या, त्यांनी पाटी बदलली, दुसऱ्या प्रकारच्या नावाखाली खेळ लावले आणि बंदी सैल पडेपर्यंत कसंबसं रेटून नेलं. गावोगावी देवाच्या जत्रेला खेळ लागायचाच, जिल्ह्याचा अधिकारी काहीही म्हणो, देवाला नाटक दाखवायचं म्हणजे दाखवायचं. छिंग सरकार दयाळू होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्याचे हात सगळीकडे पोचत नव्हते एवढंच.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, त्याच्या आधी नटाचं आयुष्य काय होतं? छिंग काळात नट हा हलक्या दर्जाचा माणूस, त्याच्या मुला-नातवंडांना सरकारी परीक्षेला बसायची परवानगी नाही. बीजिंगची सगळ्यात नावाजलेली शाळा फूल्येनछंग, १९०४ ते १९४८ चालली, तिथे आईबाप सात वर्षांचा करार लिहून देऊन पोराला सोडून जायचे, आजारी पडला, मेला, तर ते त्याचं नशीब, शाळेवर जबाबदारी नाही. छडीच्या धाकाखाली गाणं शिकवलं जायचं. स्त्रीभूमिका करणाऱ्याला बांधलेल्या पावलांची चाल दाखवायला लाकडी खुंट्या पायाला बांधून तासन्‌तास उभं राहायला लागायचं. नव्या सरकारने पगार दिला, सरकारी शाळा काढल्या, नटाला 'कलावंत' म्हणून समाजात उभं केलं. याला जो नुसता प्रोपगंडा म्हणेल त्याने त्या सात वर्षांच्या कराराखाली स्वतःच्या पोराचं नाव घालून वाचावं.

आणि दुसरं, सरकारने कला वाचवलीसुद्धा. खुनछ्यू हा पेकिंग ऑपेरापेक्षा कितीतरी जुना प्रकार, विसाव्या शतकात मरायला टेकला होता. १९५६ साली चच्यांग प्रांताच्या मंडळीने 'पंधरा माळा' हे जुनं नाटक आटोपशीर करून बीजिंगला आणलं. खोट्या खुनाच्या आरोपात अडकलेले दोन निरपराध आणि त्यांना सोडवणारा एक प्रामाणिक अधिकारी, अशी गोष्ट. माओंना आवडलं, पंतप्रधान चौ एनलाय यांनी तोंडभरून कौतुक केलं, पक्षाच्या पीपल्स डेली या दैनिकाने त्यावर संपादकीय लिहिलं की एका नाटकाने एक नाट्यप्रकार जिवंत केला. आणि ते खरं होतं, त्यानंतर खुनछ्यूच्या मंडळ्या पुन्हा उभ्या राहिल्या. २००१ मध्ये युनेस्कोने खुनछ्यूचा गौरव केला, त्याच्या मुळाशी कुठेतरी १९५६ चा तो प्रयोग आहे.

पण इथेच जरा थांबून बघायला हवं. नाटक वाचलं कसं? दोन-तीन मोठ्या माणसांना आवडलं म्हणून. त्यांना नसतं आवडलं तर? पूर्वी बादशहाला नाही आवडलं तर सुजौच्या एखाद्या रसिक व्यापाऱ्याला आवडायचं, त्याला नाही तर गावच्या जत्रेला. १९५१ मध्ये सरकारने ऑपेरा-सुधारणेचा जो आदेश काढला त्याची तीन कलमं सगळीकडे घोकली जायची, नाटकं सुधारा, माणसं सुधारा, व्यवस्था सुधारा. सगळे लोक पहिल्या कलमावर वाद घालतात, कुठली नाटकं बंद झाली, १९५० ते ५२ मध्ये सव्वीस नाटकांवर बंदी आली वगैरे. पण ती बंदी १९५७ च्या मे महिन्यात उठलीसुद्धा, नाटकं परत आली. तिसऱ्या कलमाने केलेला बदल मात्र तेव्हा परत फिरला नाही. खासगी मंडळ्या काही वर्षांत सरकारी किंवा सरकारच्या ताब्यातल्या झाल्या, थिएटरं तशीच, शाळा तशाच. नटाच्या पोटाची काळजी मिटली आणि त्याच कागदावर त्याची बाहेर पडायची वाटही संपली. हे दोन्ही एकत्र आलं, म्हणूनच तेव्हा कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नसावं.

मेइ लानफांगच्या बाबतीत घडलेली दोन प्रसंगांची जोडी मला कायम आठवते. पहिला प्रसंग जपानी ताब्याच्या काळातला. हा माणूस चीनचा सगळ्यात लाडका स्त्री-पार्टी, आणि जपान्यांसाठी गायचं नाही म्हणून त्याने मिशी वाढवली. मिशीवाली राणी स्टेजवर कशी आणणार? चित्रं काढून विकली, घर चालवलं, पण १९४५ पर्यंत गप्प बसला. दुसरा प्रसंग १९४९ च्या नोव्हेंबरचा, थ्येनचिनमधला. नवं सरकार येऊन महिनाच झालेला, मेइ सन्मानाने मिरवतोय, एका पत्रकाराने विचारलं की पेकिंग ऑपेराची सुधारणा कशी करायची. त्याने अनुभवातून आलेलं साधं उत्तर दिलं, पाऊल पुढे टाकायचं पण रूप बदलायचं नाही. आशय हळूहळू बदलू दे, पण शेकडो वर्षांत घडलेलं तंत्र घाईने मोडू नका, एवढाच अर्थ. बीजिंगमध्ये वरच्या लोकांना ते पटलं नाही, हा सुधारणेला विरोध आहे असं ठरलं, आणि थोड्याच दिवसांत एका बैठकीत त्याला आपलं म्हणणं फिरवून सांगावं लागलं की पाऊल बदललं की रूपही बदललंच पाहिजे. त्याला कुणी मारलं नाही, तुरुंगात टाकलं नाही, उलट पुढे मोठमोठी पदं दिली. पण परकी फौज शहरात असताना जो माणूस 'नाही' म्हणू शकला त्याला आपल्याच सरकारपुढे आपल्याच धंद्यातलं एक वाक्य टिकवता आलं नाही. का? तेव्हा गप्प बसून जगता येत होतं. आता गप्प बसायला जागा नव्हती.

हाय रुईची गोष्ट तर अशी आहे की तिच्यावरून अख्ख्या देशाचं दशक बदललं. हाय रुई हा सोळाव्या शतकातला मिंग काळातला अधिकारी, बादशहाला तोंडावर चुका सांगणारा, सांगण्याआधी स्वतःची शवपेटी विकत घेऊन ठेवली असं म्हणतात. १९५९ मध्ये माओंनीच कार्यकर्त्यांना सांगितलं की हाय रुईसारखं निर्भीडपणे बोला. मग चौ शिनफांग या नटाने शांघायमध्ये हाय रुईवर नाटक केलं, बीजिंगमध्ये इतिहासकार आणि उपमहापौर वू हान याच्याकडून मा ल्येनल्यांग या नटाने दुसरं लिहून घेतलं, ते १९६१ मध्ये स्टेजवर आलं. मधल्या काळात संरक्षणमंत्री पेंग दह्वाय यांनी माओंच्या धोरणातल्या चुका खरंच दाखवल्या आणि त्यांना पदावरून काढलं गेलं. १० नोव्हेंबर १९६५ ला शांघायच्या वनह्वी पाओ या दैनिकात याओ वेनयुआनचा लेख आला की हे नाटक म्हणजे पक्षावर छुपा हल्ला आहे, आणि पुढच्या महिन्यात माओंनी स्वतः सांगितलं की बादशहाने हाय रुईला काढलं, आपण पेंगला काढलं, पेंग म्हणजेच हाय रुई. सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी ती हीच. मा ल्येनल्यांग १९६६ च्या डिसेंबरमध्ये गेला, वू हान १९६९ मध्ये तुरुंगात, चौ शिनफांगने छळ सोसत १९७५ पर्यंत कसाबसा काळ काढला.

पौराणिक-ऐतिहासिक नाटकात आजचा राज्यकर्ता शोधणं ही काही चीनची खासियत नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांनी कर्झन बघितला आणि इंग्रजांनी १९१० मध्ये नाटक बंद केलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. इंग्रजांचा अंदाज बरोबरच होता, कीचक म्हणजे कर्झनच होता. मग फरक कुठे आहे? बंदी आली म्हणून मराठी रंगभूमी थांबली नाही, त्याच खाडिलकरांची पुढची नाटकं धो धो चालली, कारण कंपन्या खासगी होत्या, तिकिटावर चालत होत्या, एका नाटकावर बंदी आली तर दुसरं लावत होत्या. इंग्रज काही कमी दडपणारे नव्हते, १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा त्यांचाच. पण कंपनीचा पगार ते देत नव्हते.

आता माझ्या दुसऱ्या मित्राकडे वळतो, मॉडेल ऑपेरा भारी आहेत म्हणणाऱ्या. त्याचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो, आणि मनापासून करतो. माओंची बायको च्यांग छिंग हिच्या देखरेखीखाली जी आठ 'मॉडेल' कामं १९६७ मध्ये जाहीर झाली त्यात पाच पेकिंग ऑपेरा होते, आणि त्यातलं संगीत ऐकताना खरंच अंगावर काटा येतो. 'शाच्यापांग'मधला चहाच्या दुकानातला प्रवेश घ्या. दुकानाची मालकीण आछिंगची बायको, गुप्तपणे क्रांतिकारकांना लपवणारी, समोर एक ढेरपोट्या सेनापती जो तिचे उपकार मानतो, आणि शेजारी त्याचा धूर्त साथीदार ज्याला तिचा संशय आलाय. तिघंही एकमेकांसमोर गोड बोलतात आणि मान वळवून मनातलं गातात, एका सुरात तिघांचे तीन डाव. ती त्यात गाते की आमचा चहाच्या दुकानाचा धंदा, येईल तो गिऱ्हाईक, माणूस उठून गेला की चहा गार. हे वाक्य चिनी लोक आजही रोजच्या बोलण्यात वापरतात, पदावरून उतरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही या अर्थाने. एवढी जिवंत ओळ कमिटीने ठरवून येत नसते. ती लिहिणारा वांग त्संगछी, ज्याच्यावर १९५८ मध्ये 'उजव्या विचारांचा' असा शिक्का मारून त्याला शेतावर पाठवलं होतं, आणि गाणारे-वाजवणारे सगळे त्याच जुन्या, छडीच्या, 'सरंजामी' तालमीत तयार झालेले. म्हणजे मॉडेल ऑपेराची श्रीमंती ही आधीच्या दीडशे वर्षांची कमाई होती. ती खर्च केली गेली, आणि तिकडे नवी भर पडायचं बंद झालं.

कारण बाकी काहीच चालू नव्हतं ना! ऐंशी कोटी लोक आणि आठ नाटकं, असं तिथले लोकच म्हणायचे. वर नियम, सगळ्या पात्रांत चांगली पात्रं उठून दिसली पाहिजेत, चांगल्यांत नायक, नायकांत मुख्य नायक. आछिंगची बायको एवढी छान उभी केलीय, पण तिचा नवरा आछिंग पूर्ण नाटकात दिसत नाही, तो म्हणे शांघायला धंद्यासाठी गेलाय. 'लाल कंदील'मधली आजी, बाप, मुलगी रक्ताची नाहीत. नवरा-बायकोचं प्रेम, आईची माया, पश्चात्ताप, मनाची ओढाताण, जे जे जुन्या ऑपेराचं काळीज होतं त्याला जागाच नव्हती. आणि ज्यांनी तो काळ भोगला त्यांचं काय? बा चिनसारख्या मोठ्या लेखकाने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की हे सूर कानावर पडले की त्याला जुन्या छळाची वाईट स्वप्नं पडतात. एकाला बालपण आठवतं, दुसऱ्याला भोंग्याखाली उभं करून केलेला अपमान, गाणं तेच. मला वाटतं दोघंही खरं बोलतात, आणि म्हणून 'गाणी चांगली म्हणजे काळ चांगला' हा हिशेब कुणी मांडू नये.

हे सगळं कम्युनिझममुळे झालं असं म्हणून जे मोकळे होतात त्यांनी जरा तैवानकडे बघावं. तिथे कट्टर कम्युनिस्टविरोधी सरकार, पेकिंग ऑपेराला त्यांनी 'राष्ट्रीय नाटक' म्हटलं, आणि मंडळ्या कुणी चालवायच्या? सैन्याने. हवाई दलाची एक, भूदलाची एक, नौदलाची एक. आता 'चौथा मुलगा आईला भेटतो' हे जुनं, प्रचंड लोकप्रिय नाटक. सुंग राज्याच्या सेनापती यांग घराण्यातला चौथा मुलगा शत्रू असलेल्या ल्याव राज्याच्या कैदेत पडतो, नाव लपवतो, शत्रूच्याच राजकन्येशी लग्न करतो. पंधरा वर्षांनी कळतं की म्हातारी आई सैन्याबरोबर सीमेवर आलीय. राजकन्या स्वतःच्या आईकडून सीमा ओलांडायचा बाणाच्या आकाराचा परवाना पळवून आणून देते, हा एका रात्रीत जाऊन आईच्या पाया पडून परत येतो. परवाना हातात पडल्यावर तो नोकराला घोडा आणायला हाक मारतो, आणि त्या हाकेचा शेवटचा सूर एकदम वरच्या पट्टीत उडी मारतो. अख्खं थिएटर त्या एका सुरासाठी श्वास धरून बसलेलं असतं, लागला की 'हाव! हाव!' म्हणजे 'वाहवा!' असा गजर, आपल्याकडे वन्स मोअर यायचा तसा. चुकला तर नटाची रात्र गेली.

मुख्य भूमीवर टीकाकार म्हणाले, हा फितूर आहे, शत्रूशी घरोबा करणाऱ्याचं कौतुक कशाला. तैवानमध्येही त्याच्यावर बंदी आली आणि नंतर शेवट देशभक्तीचा करून घेतला गेला, कारण समोर बसलेले सैनिक १९४९ मध्ये आईला मागे सोडून समुद्र ओलांडून आले होते आणि हे नाटक बघून ढसाढसा रडत होते. चौथा मुलगा पंधरा वर्षांनी तरी भेटला, ह्यांना घरी जायची परवानगी मिळाली १९८७ मध्ये, तोवर कितीजणांच्या आया गेल्या असतील. दोन एकमेकांची वैरी सरकारं, आणि दोघांनाही एकाच नाटकाची भीती वाटली. मग दोष विचारसरणीला द्यायचा की या दोन्ही ठिकाणी नटाला पगार देणारा आणि नाटक मंजूर करणारा एकच होता त्याला?

यावर लगेच उत्तर येतं, मग काय बाजारावर सोडायचं? सरकारने हात काढला तर खुनछ्यू उद्या बंद पडेल. बरोबर आहे, मीही सरकारने हात काढावा असं म्हणत नाही. दहा वर्षांच्या तालमीशिवाय नट तयार होत नाही, आणि दहा वर्षं कुठलंही तिकीट परवडवू शकत नाही. पैसा सार्वजनिकच लागणार. पण पैसा देणं आणि परवाना देणं ही दोन कामं एकाच टेबलावर असली की काय होतं ते १९९८ मध्ये दिसलं, आणि तेव्हा तर सांस्कृतिक क्रांती संपून वीस वर्षं उलटली होती. १५९८ सालचं 'पिओनी मंडप' हे खुनछ्यूचं सगळ्यात मोठं नाटक, पंचावन्न प्रवेशांचं, ते पूर्ण स्वरूपात न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला होणार होतं. शांघायच्या सांस्कृतिक खात्याने त्यात सरंजामी, अंधश्रद्धाळू आणि अश्लील गोष्टी आहेत म्हणून मंडळीला जाऊच दिलं नाही. पुढच्या वर्षी ते झालं, पण वेगळी माणसं जमवून. चारशे वर्षांचं नाटक, आणि एका ऑफिसच्या सहीवर अडलं.

म्हणून मला सरकारी थिएटरांपेक्षा चच्यांगमधल्या शंगचौसारख्या भागातल्या खासगी मंडळ्यांबद्दल जास्त आशा वाटते. यूए ऑपेरा हा प्रकार तिथलाच. या मंडळ्या आजही गावोगाव फिरतात, देवाचा उत्सव असला की गाववाले वर्गणी काढून बोलावतात, दुपारी एक खेळ, रात्री एक. कपडे भडक, माईक किरकिरतात, आणि समोर म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, ज्यांना प्रत्येक ओळ पाठ आहे. हाँगकाँगमध्ये तर २०१९ ला मोठं झकास ऑपेरा सेंटर उघडलं, तरीही बेटांवर आणि खेड्यांत सागरदेवी थिन हाऊच्या वाढदिवसाला बांबूचं थिएटर उभं राहतंच. बो थॉय बेटावर तर ते समुद्राकडेच्या खडकाळ उतारावर बांधतात, एकही खिळा न ठोकता, बांबू नुसते पट्ट्यांनी बांधून. स्टेजचं तोंड देवळाकडे असतं, कारण खेळ आधी देवीसाठी, मग आपल्यासाठी. उत्सव संपला की चार दिवसांत सगळं सोडवून बांबू होडीत भरतात, आणि मंडळी पुढच्या गावाला जाते.